गोजराबाईचा चॅनल

वाशीम
१२ ऑक्टोबर २०२५

ताई,

आधी जयभीम घे. पत्र वाचायचं की चुलीत घालायचं ते मग ठरव.

मी रत्ना. अक्षर ओळखलंच असशील. वसतिगृहातून मी आईला लिहायचो ती पत्रं तूच तिला वाचून दाखवायचीस, आणि माझा काना-मात्रा चुकला की पुढच्या पत्रात तुझी कानउघाडणी यायची. त्यानंतर आपण एकमेकांना पत्र लिहिल्याचं मला आठवत नाही. फोन केला असता, पण तीन वर्षं आठ महिने तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. मोजायची खोड आहे. गणिताच्या मास्तराला ती असायचीच.

इकडे सगळे ठीक. तुझ्या भावजयीला बी.पी.ची गोळी सुरू झाली. मला रिटायर व्हायला चार वर्षं उरली. आसेगावच्या घराची मागची भिंत या पावसात बसली, शेषरावकाकांनी तिथे तात्पुरते टिनपत्रे ठोकले आहेत. सोयाबीन काढणीच्या ऐन वेळी पुन्हा पाऊस आला आणि शेंगांना झाडावरच कोंब फुटले. किन्हीराजाला काय हाल आहेत? तुझा गुडघा कसा आहे? उगाच चढउतार करू नकोस.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

मागच्या वर्षी श्रावणात शाळेच्या कामाने शिरपूरला गेलो होतो. सकाळची वेळ, स्टँडवर चहा घेत उभा होतो. निंदायला निघालेल्या बायांचा ऑटो समोर येऊन थांबला. त्यातल्या एकीच्या कमरेला कापडी पिशवी, पिशवीत बटणांचा साधा फोन, आणि त्या फोनमधून आई गात होती. ताई, आई गेल्यावर तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि तो एका परक्या बाईच्या कमरेतून येत होता.

त्या बाईचं नाव भागिरथा. हे गाणं कुठून मिळालं म्हणून विचारलं, तर तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. म्हणाली, "आसेगावच्या गोजराबाईचं हाय. वारली म्हणते बिचारी. फय्याजभाईनं कारडात भरून देल्लं." गोजराबाई माझी आई, हे माझ्या तोंडून निघालं नाही. ऑटो निघून गेला.

फय्याजभाईचं मोबाईलचं दुकान स्टँडसमोरच आहे. आता तो काचा बसवतो आणि कव्हरं विकतो, पण दहा वर्षांपूर्वी त्याचा खरा धंदा मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा होता. ज्यांच्याकडे नेट नव्हतं ती माणसं कार्ड घेऊन यायची. कुणाला लग्नाची गाणी हवी, कुणाला कव्वाली, कुणाला भीमगीतं. तू नेटवर आईच्या नावाने चालवायचीस त्या चॅनलवरून त्याने तिची गाणी उतरवून घेऊन स्वतःच्या कॉम्प्युटरवर तिच्या नावाचं वेगळं फोल्डर केलं होतं. डिस्क खराब होऊन त्यातलं बरंचसं गेलं, तरी सत्तावीस गाणी निघाली. बाकीची कोणत्या गावात कुणाच्या कार्डात असतील हे त्याने तोंडपाठ सांगितलं. निंदणीच्या टोळ्यांना आईची गाणी लागायची म्हणे. हात चालतो, असं म्हणायच्या.

तेव्हापासून माझे रविवार या कामात जातात. भांड्यांच्या फळीवर, धान्याच्या कोठीमागे, लुगड्यांच्या घडीत लोकांचे जुने फोन पडलेले असतात. मी जातो, चहा होतो, मग कार्ड निघतं. आजवर एकसष्ट गाणी जमली. चॅनल बंद होईपर्यंत तू त्यावर दोनशे बारा टाकली होतीस.

ही गाणी पुन्हा एखादा चॅनल उघडून टाकावी, असं मी फय्याजभाईला म्हणालो. तेव्हा त्याची धाकटी बहीण उजमा तिथे होती. ती मालेगावात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते आणि माझ्याशी वर्गातल्या पोराशी बोलावं तशी बोलते. ती म्हणाली, "सर, जत्रेत दुसऱ्याच्या जागेवर दुकान मांडलं तर त्यानं उठवलं का उठा लागते. तुमाले एकदा उठवलं ना? मग पुन्हा तिथंच कायले चालले?"

तर आता आईच्या नावाची स्वतंत्र वेबसाइट आहे. चोपन्नाव्या वर्षी मी पान लिहायला शिकलो, एकेक खूण हाताने टाकून. उजमा शेजारी बसून चुका काढायची. जागा एका छोट्या कंपनीकडून भाड्याने घेतली आहे, पण नाव आपलं आहे. उद्या त्या कंपनीने हात वर केले तर सामान उचलून दुसरीकडे मांडायचं, पत्ता तोच राहतो. साइटवर जाहिरात नाही, अंगठा नाही, किती जणांनी पाहिलं त्याचा आकडा नाही. उजमा आकडा लावून देत होती, मी नको म्हणालो. प्रत्येक गाण्याखाली 'उतरवून घ्या' असं लिहिलं आहे, आणि सगळ्यांत वर एक ओळ: ज्याला पाहिजे त्याने न्यावं, दुसऱ्याला द्यावं, एकाच ठिकाणी ठेवू नये. फय्याजभाई त्यावरूनच पुन्हा कार्डं भरून देतो.

मी स्वतः सगळ्या ग्रुपांतून बाहेर पडलो. स्टाफचा, कॉलनीचा, आणि माजी विद्यार्थ्यांचा तर सर्वांत आधी. सरांना काही झालं की काय म्हणून दोघंतिघं घरी येऊन पाहून गेले. आता संध्याकाळी तासभर कॉम्प्युटरपुढे बसतो, जे पाहायला बसलो ते पाहतो आणि उठतो. साइटवर पत्र पाठवायचा पत्ता दिला आहे. तिकडे पुसदजवळच्या एका नर्सबाईंनी लिहिलं की त्यांची आजी गेली तेव्हा आई तिथे येऊन गायली होती. आपल्याला हे माहीतच नव्हतं.

माझी एक विनंती आहे. चॅनल गेला तेव्हा तुझ्याकडे जो फोन होता, काच फुटलेला, ज्याने तू सगळं रेकॉर्डिंग करायचीस, तो तू टाकला नसशील. त्यात काही राहिलं असेल. तो मला दे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती पाठव, मी समोर येत नाही.

आणि आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवात सगळ्यांसमोर मी जे बोललो, ते बोलायला नको होतं. त्याबद्दल पुढे कधी तरी लिहीन.

तुझा
रत्ना



किन्हीराजा
२१ ऑक्टोबर

रत्ना,

जयभीम. शेषरावकाका इकडं आले होते, त्यायच्या हातानं फोन पाठवून राह्यली. तो चार्जिंग घेत नाही. मांगून फुगला हाय, सांभाळून खोलजो.

त्याच्यात गाणे नाहीत. जागा भरली का मी पुसून टाकत होती. चॅनलवर हायेत ना, मंग फोनात कायले ठेवा, असं मले वाटे. माही अक्कल तेवढीच.

आईची साइट केली म्हणतं, चांगलं केलं. पण मले तिचा आवाज आयकवणार नाही. चॅनल माह्याच हातून गेला. त्या एका गाण्याले मी पिच्चरची चाल लावली होती, आन् केबलवाल्या पोराले पासवर्ड देल्ला होता. तुनंच इंग्लिश वाचून सांगतलं होतं का नियम मोडला म्हणून बंद केलं. मांडवात तू बोलला ते खरंच बोलला. मले राग आला तो चारचौघांत बोलला त्याचा. आई दोन महिने खाटेवर होती, तिनं तिचंच गाणं मांगलं आन् मले देता आलं नाही. याच्यावर आता काही उपाय नाही.

साइटवर माहं नाव टाकू नको. जिनं घालवले तिचं नाव कायले पाह्यजे.

गुडघा तसाच हाय.

तुही ताई
दीपा



वाशीम
२ नोव्हेंबर २०२५

ताई,

तुझी चिठ्ठी आणि फोन मिळून दहा दिवस झाले. दहा दिवसांत मी हे पत्र चार वेळा सुरू केलं. पहिल्या तिन्ही वेळा पावसापाण्यावर घसरलो. आज सरळ लिहितो.

फोन फय्याजभाईने उघडला. फुगलेली बॅटरी काढून त्याने बाहेरून वायर जोडली आणि तो तासाभराने सुरू झाला. दुकानात फय्याजभाई, उजमा आणि मी. तू म्हणालीस तसं त्यात गाणी नव्हती, एक सोडून. त्या एका गाण्याचं पुढे सांगतो. गाण्यांच्या जागी तुझी सात रेकॉर्डिंगं होती. सगळी चॅनल बंद झाल्यानंतरच्या तारखांची. उजमाने पहिलं लावलं, आम्हाला वाटलं आई असेल.

तू होतीस. म्हणत होतीस, "साहेब, मी आसेगावची धम्मदीपा बोलून राह्यली. माह्या आईचे गाणे तुमच्यापाशी हायेत. माह्यानं चूक झाली असन तर मले सजा द्या, पण गाणे वापस द्या. ती बिमार हाय. तुमी कोणत्या गावाले बसता ते मले माहीत नाही, नाही तं मीच आली असती."

सातही तशीच. सातव्यात तू फक्त 'साहेब' म्हणतेस, आणि मग बराच वेळ आईच्या खोकल्याचा आवाज येतो. कुठे पाठवायचं हे तुला माहीत नव्हतं, म्हणून ती फोनातच राहिली. उजमा उठून बाहेर गेली. फय्याजभाईने मला विचारलं, "सर, त्या टायमाले तुमी माह्याकडं काहून नाही आले? चार गाणे तं मीच देल्ले असते तुमच्या आईसाठी." वाशीमपासून शिरपूर एका तासाच्या रस्त्यावर आहे. त्याच्या प्रश्नाचं उत्तर तुला देतो.

ताई, चॅनल तुझ्या हातून गेला नाही. चॅनल मी बंद पाडला.

तुला तो उन्हाळ्यातला व्हिडिओ आठवत असेल. आई ओट्यावर बसून तूर पाखडते आहे आणि गाते आहे:

शाळेच्या वाटंवर चिचंची सावली
पोरगी माही सातवीतून निंदाले लावली

गाणं संपल्यावर ती कॅमेऱ्याकडे पाहून म्हणते, "हे माह्या दीपाचं गाणं हाय. हिची शाळा सोडवली आन् पोराले शिकवलं. पोरगा मास्तर झाला. आता मास्तराले आमच्या घरचं पाणी बी गोड लागत नाही." आणि तुम्ही दोघी हसता. तुझं हसू कॅमेऱ्यामागून ऐकू येतं. त्यात काही विखार नव्हता, हे मला आज कळतं. खोटं तर काहीच नव्हतं.

तो व्हिडिओ आमच्या स्टाफरूममध्ये लागला. एका सहकाऱ्याने मधल्या सुट्टीत टेबलावर फोन उभा केला आणि म्हणाला, सर, तुमच्या मातोश्री फार छान गातात. सगळे चहा पिता पिता हसले. शिपायाने मला पाण्याचा ग्लास आणून दिला आणि विचारलं, सर, गोड लागते ना? मी पण हसलो. घरी येऊन मी तुला फोन करून म्हणायला पाहिजे होतं की ताई, तेवढा व्हिडिओ काढ. तू काढला असतास. पण तुला सांगायचं म्हणजे मला लाज वाटली हे कबूल करायचं, आणि ते माझ्या मास्तरकीत बसत नव्हतं.

मी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर त्या व्हिडिओचा पत्ता टाकला आणि लिहिलं, यात माझ्या आईची बदनामी केली आहे, सर्वांनी रिपोर्ट मारा. दोनशेच्या वर पोरं त्या ग्रुपवर होती. सरांनी गृहपाठ दिला तर करणारीच ती पोरं. पुण्यातून, सुरतेहून, कुणी कंपनीच्या बसमध्ये बसून रिपोर्ट मारले. त्यातला एक म्हणाला, सर, हा सगळा चॅनलच नकली दिसतो, आम्ही सगळ्या व्हिडिओंवर मारत आहोत. मी त्याच्या निरोपाखाली अंगठा उमटवला. थांबा, म्हणालो नाही. त्या क्षणी मला बरं वाटत होतं, एवढं सगळं सैन्य माझ्या बाजूने आहे म्हणून.

चौथ्या दिवशी चॅनल गेला. आठव्या दिवशी तू फोन घेऊन माझ्याकडे आलीस, इंग्रजी पत्र वाचून घ्यायला. दाराबाहेर चप्पल काढून तू आत बसलीस, आठवतं? त्या पत्रात लिहिलं होतं की अनेक लोकांनी तक्रारी केल्या. मी तुला वाचून दाखवलं की तू नियम मोडलास. पिक्चरच्या चालीचं आणि केबलवाल्याचं तू आपणहून बोललीस, आणि मी मान डोलावली.

अजून बाकी आहे. त्या पत्रात शेवटी हेही लिहिलं होतं की तीस दिवसांत अर्ज केला तर पुन्हा तपासून पाहू. तू म्हणालीस, रत्ना, तू इंग्लिशमध्ये लिही. मी हो म्हणालो. दर दोन-चार दिवसांनी तू विचारायचीस आणि मी सांगायचो की अर्ज केला, उत्तर नाही. मी अर्ज केलाच नाही, ताई. पाच ओळींचं काम होतं. आधी वाटलं, चॅनल परत आला तर तो व्हिडिओही परत येईल. मग वाटलं, कुणी तपासायला बसलं तर माझं नाव निघेल. मग एकतिसावा दिवस उजाडला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. रिपोर्ट मी रागात मारला, असं मी स्वतःला समजावू शकतो. हे तीस दिवस मी रागात नव्हतो. रोज शाळेत जात होतो, पोरांना गणित शिकवत होतो आणि रोज न लिहिण्याचं ठरवत होतो.

त्यानंतर आई खाटेला लागली. छातीत पाणी झालं आणि तिचं गाणं बंद झालं. मी रविवारी भेटायला यायचो. एका रविवारी तू विहिरीवर गेली होतीस आणि तिने मला विचारलं, माहे गाणे काहून दिसत नाहीत मोबाईलात? मी म्हणालो, दीपाच्या हातून पुसल्या गेले.

ती कूस बदलून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तिले बोलू नको, बापू. आपणच अडाणी ठेवली ना तिले."

आई हेच मनात धरून गेली. तुझी शाळा सोडवल्याचं पाप असं फिरून आलं, असं समजून. मी तिच्या पायथ्याशी बसलो होतो. खरं सांगायला एक वाक्य लागलं असतं. मी तिला पाणी पाजलं आणि पाचची बस पकडली. आणि सोळा दिवसांनी मांडवात कुणी तरी गाण्यांचा विषय काढला तेव्हा तेच पुन्हा सगळ्यांसमोर बोललो, कारण एकदा बोललेलं दुसऱ्यांदा सोपं जातं. तू ताट ठेवून उठलीस.

तुझ्या फोनात पुसायचं राहून गेलेलं जे एक गाणं होतं ते हेच, चिंचेच्या सावलीचं. खरं सांगायचं तर हे गाणं माझ्याकडे जून महिन्यापासून आहे. एका कार्डात सापडलं होतं. मी ते साइटवर लावलं नव्हतं आणि पहिल्या पत्रात तुला एकसष्ट सांगितली ती हे सोडून सांगितली. वेबसाइट स्वतःची केली, उजमाच्या भाषेत बोलायचं तर उठवणारा कुणी राहिला नाही, तरी उठवणारा मी आत बसलेलोच होतो.

आज सकाळी ते लावलं. बासष्ट झाली. उरलेली दीडशे आता कुठे नाहीत. मी, फय्याजभाई, उजमा, आम्ही जिथे जिथे पोचू शकत होतो तिथे पोचलो. कार्डं गंजली, फोन भंगारात गेले, माणसं वारली. आईचा पाळणा नाही, रमाईवरची लांब गाणी नाहीत, आणि तुझ्या लग्नातलं हळदीचं, जे तिने चॅनलसाठी आठवून आठवून पुन्हा म्हटलं होतं, ते नाही. या कंपन्यांना मी वर्षभर शिव्या घातल्या. त्यांनी न विचारता, न ऐकता आपलं घर पाडलं हे खरंच आहे. पण पत्ता त्यांना मी दिला होता.

साइटवर आणखी एक पान लावलं आहे, 'गाणी हरवली कशी'. त्यात वर लिहिलेलं सगळं आहे, माझ्या नावानिशी, शाळेच्या नावाशिवाय. आईचं शेवटचं बोलणं त्यात घातलेलं नाही, ते तुझं आहे. सोबतच्या कागदावर साइटचा ताबा आहे. पत्ता आता तुझ्या नावावर आहे, पासवर्ड लिहिला आहे, आणि पान कसं बदलायचं ते उजमाने मराठीत पायरी-पायरीने लिहून दिलं आहे. ती किन्हीराजाला येऊन शिकवायलाही तयार आहे. तू ठेव, बदल, मला काढून टाक. तिथे तुला कुणाकडे अर्ज करावा लागणार नाही.

माफी मागत नाही. मागितली की तुला काही तरी उत्तर द्यावं लागेल, आणि तुझ्यावर आणखी एक काम टाकायचा मला अधिकार नाही. पण उत्तराची वाट पाहणार नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोटं लिहायचं आता संपवायचं आहे.

तुझा भाऊ
धम्मरत्न



किन्हीराजा
१६ नोव्हेंबर

धम्मरत्न,

तुहं पत्र भेटलं. तीनदा वाचलं. सातवीपर्यंतच्या शिक्षणात एवढं वाचता येते.

उजमा येऊन गेली. चांगली पोरगी हाय. तिनं मले पान बदलणं शिकवलं, दोन दिवसांत आलं. एवढं सोपं असन असं मले वाटलं नव्हतं. अर्जही एवढाच सोपा असन.

आईचे गाणे आयकले. बासष्टच्या बासष्ट. खाली बसून आयकले, स्वयंपाक केला नाही.

'गाणी हरवली कशी' हे पान मी पुसलं नाही. पयल्या पानावर आणून ठेवलं, आईच्या फोटोखाली. आईचं शेवटचं बोलणं मी त्याच्यात टाकलं. तुनं ते माह्यं हाय म्हणून सोडलं होतं, पण ते तुह्यं हाय. माह्यं नाव बी टाकलं आता, रेकॉर्डिंग करणारी म्हणून. मांडवात जे जे होते त्या सगळ्यायले मी साइटचा पत्ता कागदावर लिहून पाठवून राह्यली. शेषरावकाका नेऊन देतीन. ग्रुपवर टाकलं नाही. ज्याले त्याले हातात देणार.

ते सात रेकॉर्डिंग तुमी तिघायनं आयकले, मले विचारलं नाही. ते पुसून टाका. ते साहेबासाठी होते. मी साहेब साहेब म्हणून ज्याले हात जोडत होती तो माह्याच घरी चहा पेऊन जात होता, हे मले माहीत नव्हतं.

आई आज असती तं तिनं तुले माफ केलं असतं. एका मिनिटात केलं असतं, ती तशीच होती. मी आई नाही.

फय्याजभाईले माहा जयभीम सांग. उरलेले गाणे मी शोधणार हाव. मले काही पाठ हायेत, ते मी माह्या आवाजात म्हणून ठेवीन. हळदीचं मले पुरं येते.

तू आता गावोगाव फिरू नको. मले पत्र लिहू नको.

गोजराबाईची पोरगी
धम्मदीपा